नवापूरच्या पलीकडे : सुरत विक्री प्रकल्पाच्या नोंदी

९ डिसेंबर २०२४, अमळनेर

आमच्या खाद्यपदार्थांच्या उद्योगाच्या आजच्या बैठकीत ठरलं. जळगाव, धुळे, नाशिक सोडून पहिला नवा बाजार कुठला, तर सुरत. माल तीन प्रकारचा : ज्वारीचे बिबडे (खान्देशी पापड), काळा मसाला, कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ. पुण्याचं नाव निघालं होतं, पण बायकांनी ते लगेच मागे टाकलं. प्रत्येकीचा कुणी ना कुणी सुरतेत आहे. कुणाचा भाऊ लूमवर, कुणाची नणंद डिंडोलीला. आक्का (उत्पादन सगळं त्यांच्या हाती) म्हणाल्या, "तठे आपलाच लोके शेतस ना!" विषय संपला.

मला हे "आपलाच लोके" थोडं तपासून घ्यायचं आहे. लिंबायत, उधना, डिंडोली भागात खान्देशी माणूस दाट आहे हे खरं. पण आपली माणसं तिथे राहतात ही एक गोष्ट, आणि ती माणसं आपल्याकडून विकत घेतील ही दुसरी. दुसरीचा पुरावा अजून कुणाकडे नाही.

बैठकीत एकाने विप्रोचं उदाहरण दिलंच. अमळनेरात धंद्याची बैठक त्याशिवाय होत नाही. १९४५ साली इथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली आणि पुढे ती संगणकात गेली, हे सगळ्यांना पाठ. मधली पस्तीसएक वर्षं ती तेल, तूप, साबण विकत होती, ते कुणी सांगत नाही. आपल्याला उपयोगी तीच वर्षं.

१४ डिसेंबर

सुरत की पुणे, हे भावनेवर नको म्हणून कागदावर मांडलं. पंकज घेमावत यांनी २००१ साली बाजारांमधलं अंतर चार तऱ्हांनी मोजायची एक पद्धत मांडली : संस्कृतीचं, कायदे-प्रशासनाचं, भूगोलाचं, आर्थिक. ती देशादेशांसाठी आहे, पण आपल्याकडे राज्याराज्यांत चालायला हरकत नाही.

भूगोल : अमळनेरहून उधना रेल्वेने अडीचशे किलोमीटरच्या आसपास, एकाच मार्गावर, गाडी बदलायची नाही. पुणे साडेतीनशेच्या वर आणि तेही रस्त्याने. सुरत पुढे.

संस्कृती : सुरत पुढे. निदान वाटतं तसं.

आर्थिक : पुण्यात पगारदार जास्त, पाकिटाला जास्त पैसे मोजणारा जास्त. सुरतेतला आपला माणूस आठवड्याचा किराणा बघून भरतो. पुणे पुढे.

कायदे-प्रशासन : पुणे आपल्याच राज्यात. सुरत नाही. इथे काय फरक पडतो ते सीए साहेबांना विचारायचं.

२० डिसेंबर

फरक पडतो, आणि चांगलाच.

आपण जीएसटीत काँपोझिशनमध्ये, म्हणजे लहान उद्योगांसाठीच्या सोप्या योजनेत आहोत. उलाढालीवर सरळ १ टक्का भरायचा, हिशोब सोपा. पण काँपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही. मी म्हटलं, बिबडे म्हणजे पापडच, आणि पापडाला कर शून्य, मग तेवढे तरी जातील? साहेब म्हणाले, "ताई, कर शून्य असला तरी विक्री ती विक्रीच. काँपोझिशनमध्ये राहून नवापूर ओलांडायचं नाही. पापड घेऊनसुद्धा नाही."

नवापूरचं नाव त्यांनी सहज घेतलं, पण ते चपखल आहे. तिथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. फलाटावरच्या एका बाकावर सीमेची रेघ आहे, लोक दोन राज्यांत बसून फोटो काढतात. आपल्या धंद्याला ती रेघ फोटोपुरती राहिलेली नाही.

साहेबांनी आणखी एक सांगितलं ते आजवर कुणी सांगितलं नव्हतं. काँपोझिशनमधल्या उत्पादकाला तो १ टक्का एकूण उलाढालीवर बसतो. म्हणजे ज्या पापडावर कर नाही त्याच्यावरही आपण १ टक्का भरतोय. नुसत्या व्यापाऱ्याला ते फक्त करपात्र मालावर. नियमित नोंदणीत गेलो तर बिबड्यांवर काही नाही, मसाल्यावर आणि पाकीटबंद पिठावर ५ टक्के, आणि पाऊचच्या खरेदीवर भरलेला कर मसाला-पिठापुरता परत धरता येतो. तिमाही विवरणपत्रं मात्र नीट भरायची. बाहेर कधीही पडता येतं. परत आत यायचं तर नवं आर्थिक वर्ष लागेपर्यंत थांबावं लागतं.

एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) काही अडत नाही. उलाढाल १२ लाखांच्या वर गेल्यापासून आपला राज्य परवाना आहे, त्यावर गुजरातेत माल विकता येतो. लेबलवरची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवी. गुजराती छापायची तर जास्तीची म्हणून.

६ जानेवारी २०२५, सुरत

सकाळपासून उधना आणि लिंबायत. किराणा दुकानं पायी फिरले. मालक बरेचसे आपलेच, कुणी शिंदखेड्याचे, कुणी पारोळ्याचे. चहा सगळीकडे मिळाला. माल ठेवायलाही सगळे तयार. "ठेवा ताई, आपल्याच गावचा माल" असं इतक्या जणांनी म्हटलं की मला संशय आला. म्हणून मग विचारायला लागले : मागच्या उन्हाळ्यात बिबडे, कुरडया विकल्या का? किती गेल्या?

एका दुकानदार दादांनी खरं सांगितलं. "उन्हाळ्यात कोण घेईल? सगळे गावी जातात. येताना डबे भरून आणतात."

दुपारी त्यांच्याच ओळखीने तीन-चार घरी गेले. एका घरात ताईंनी माळ्यावरून पत्र्याचा डबा खाली काढून दाखवला. वर नागलीचे (नाचणीचे) पापड, मधे बिबडे, तळाला कुरडया, प्रत्येक थरामधे वर्तमानपत्र. साक्रीहून सासूबाईंनी दिलेला. जानेवारीतही अर्धा भरलेला. "विकत? नको वो. सासूबाईंना कळलं तर?" आणि हसल्या.

हा आपला स्पर्धक. त्याची किंमत शून्य, दर्जा उत्तम, पोहोच घरपोच, आणि नाही घेतला तर नात्यात खोट. त्याच्याशी किमतीत लढता येत नाही, चवीत तर नाहीच.

डबा कधी रिकामा होतो, हे प्रत्येक घरी विचारलं. बहुतेकींचं उत्तर दिवाळीच्या पुढे. ज्यांच्या सासू-आई थकल्या किंवा गेल्या, त्यांचा डबा आता येत नाही. त्या विकत घेतात, पण लिंबायतमध्येच घरी करून विकणाऱ्या बायका आहेत त्यांच्याकडून. तोही माल चांगला. मी खाऊन पाहिला.

७ जानेवारी, सुरत

आज ठरवून उलट बाजूला, अडाजण-रांदेरकडे. हा गुजराती वस्तीचा भाग. आपलं इथे कुणी नाही.

तापीच्या काठाला पोंकाचे स्टॉल लागलेत. पोंक म्हणजे कोवळ्या ज्वारीचा हुरडाच. आपल्याकडे हुरडा शेतात बसून खायचा, इथे हिवाळाभर वजनावर विकतात. सोबत लिंबू-मिऱ्याची शेव, पोंकाचे वडे. ज्वारी इथे गरिबाची भाकरी म्हणून नाही, तर मोसमाची चैन म्हणून खाल्ली जाते. हे लिहून ठेवण्यासारखं.

एका फरसाण-किराणा दुकानात बिबड्याचं पाकीट दाखवलं. दुकानदारीण बेन बिबडा हातात घेऊन म्हणाल्या, हा मोठा आहे, तुटेल, आणि पापड आमच्याकडे उत्तरसंड्याचा येतो, पातळ, उडदाचा. खरं आहे, खेडा जिल्ह्यातलं ते गाव पापडावरच चालतं. मग त्यांनी विचारलं, हा करता कसा? मी सांगितलं : ज्वारी भिजवायची, वाळवून दळायची, पाण्यात तीळ, मिरची, जिरं, मीठ घालून पीठ घाटून शिजवायचं, गरम असतानाच कापडावर थापायचं.

"थापायच्या आधी खाता की नाही?"

खातो तर. घाट्याचा पहिला गोळा तेल घालून पोरांना देतात, बिबड्यांच्या दिवशी ते ठरलेलं. बेन म्हणाल्या, मग हे आमचं खिचूच झालं. इथे तांदळाचं खिचू गाड्यावर मिळतं, वरून कच्चं तेल आणि लोणच्याचा मसाला. ज्वारीचं कुणी कुणी घरी करतं, पण पीठ चांगलं मिळत नाही. "पीठ लाव ने," म्हणाल्या. पीठ आणा. बिबड्याचं पाकीट त्यांनी परत माझ्या हातात दिलं.

१९ जानेवारी

हिशोब. सगळे आकडे किलोमागे, आपल्या वहीतले.

बिबडे : छापील किंमत ४०० रुपये. दुकानदाराचे २० टक्के म्हणजे ८०, घाऊकवाल्याचे ८ टक्के म्हणजे ३२. हाती २८८. माल तयार करायला २१५ (ज्वारी, तीळ, जळण आणि सर्वांत मोठी रक्कम मजुरीची). पाकीट, खोकं, वाहतूक ३८. राहिले ३५. तुटफूट ८ टक्के धरली तर २३ तिथेच गेले. उरले १२.

भिजवलेल्या ज्वारीचं पीठ : किंमत १५० धरू. दुकानदार-घाऊक मिळून ४२. कराचे ७. हाती १०१. तयार करायला ६८, पाऊच आणि वाहतूक १४. उरले १९. तुटफूट नाही.

चारशेच्या मालावर १२ आणि दीडशेच्या मालावर १९. शिवाय बिबडे उन्हावर, म्हणजे फेब्रुवारी ते मे. पीठ वर्षभर होतं. पावसाळ्यात फक्त भिजवलेली ज्वारी वाळवायची अडचण, त्याला सोलर ड्रायर. केंद्र सरकारच्या लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या पीएमएफएमई योजनेत यंत्रावर ३५ टक्के अनुदान आहे, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. अर्ज तयार करायला घेतला.

हे मांडताना एक खटकत होतं. इगॉर ॲन्सॉफ यांच्या १९५७ च्या चौकटीत जुना माल नव्या बाजारात नेणं ही एक पायरी, आणि नवा माल नव्या बाजारात नेणं ही तिरकी उडी, सर्वांत जोखमीची. आपण ठरवलं होतं पहिलं आणि सरकतोय दुसऱ्याकडे. फक्त एवढंच की पीठ आपल्याला नवीन नाही. बिबड्यांसाठी ते दर हंगामात होतंच, आजवर विकलं नाही इतकंच. त्यामुळे उडी दिसते तेवढी लांब नाही.

३ फेब्रुवारी

मसाला मिसळून तयार मिश्रण करावं का, असा प्रस्ताव एका ताईंचा. गिऱ्हाइकाला सोपं, म्हणून पटण्यासारखा. पण साध्या पाकीटबंद पिठाला ५ टक्के आणि मसाला घातलेल्या तयार मिश्रणाला १८. गुजरातमध्येच खमण-ढोकळ्याच्या तयार पिठांवरून हा वाद होऊन १८ टक्क्यांचा निर्णय झालेला आहे. म्हणून पीठ साधंच ठेवायचं, कृती पाऊचच्या मागे गुजरातीत छापायची.

१८ फेब्रुवारी

आक्कांशी वाद. अडाजणला पाठवलेल्या नमुन्यांवर निरोप आला की पिठाला आंबूस वास आहे, बिघडलं का? बिघडलेलं नाही. आपण ज्वारी तीन दिवस भिजवतो, त्याचा तो वास, आणि बिबड्याची चव त्यातच. मी सुचवलं, सुरतेच्या पिठाला एकच रात्र भिजवू. आक्का म्हणाल्या, "मंग तो बिबडा नही, नुसतं पीठ शे."

तेच तर विकायचं आहे. पण आक्कांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. त्यांच्या हाताची चव हीच आपली ओळख. शेवटी दोन घाणी वेगळ्या ठेवायचं ठरलं. तीन दिवसांची बिबड्यांसाठी, एका रात्रीची पिठासाठी. पिंपांवर लाल आणि हिरवा रंग. हिरव्या पिंपाकडे आक्का बघत नाहीत.

ज्वारी दादर वाणाचीच घ्यायची, पिठाचा रंग पांढरा येतो. हमीभाव यंदा संकरितला क्विंटलमागे ३३७१ रुपये आहे, पण चांगली दादर त्या भावात कुणी देत नाही. हंगामात एकदम खरेदी करून ठेवावी लागणार, म्हणजे भांडवल अडकणार.

२९ मार्च

काँपोझिशनमधून बाहेर. १ एप्रिलपासून नियमित. शिल्लक मालाचा तपशील साहेबांकडे दिला, तो भरला की त्यावरचा आधीचा कर धरता येतो. बिलाचा नमुना नवा छापला. पूर्वी आपल्या बिलावर करच दिसत नसल्याने मोठी दुकानं नाकं मुरडायची, तीही अडचण गेली.

१६ एप्रिल

पहिला माल गेला. उधन्याच्या घाऊक शेठकडे बिबडे आणि मसाला, अडाजणच्या काही दुकानांना थेट पीठ. बिबड्यांना यावेळी आडवे न ठेवता खोक्यात उभे लावले, मधे पुठ्ठ्याच्या पट्ट्या, वरून जागा अजिबात मोकळी नाही. कोंडाईबारीच्या घाटाने नेणाऱ्या टेम्पोवाल्या भाऊंनी सुचवलेलं. ते काचा नेतात. तूट निम्म्याहून खाली आली. शेठ रोख देत नाहीत, महिन्याची उधारी.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय तृतीया)

गावात झोके, गौराई, माहेरवाशिणी. सुरतेच्या गाड्या भरून आल्या. आमच्या गल्लीत निदान दहा घरी लेकी आल्यात आणि प्रत्येक घराच्या गच्चीवर वाळवण. परवा-तेरवा हेच सगळं डब्यांत भरून सुरतेला जाणार.

उधन्याच्या शेठला फोन केला. बिबडे जागेवर. मसाला बरा चाललाय. मला आश्चर्य नाही. उन्हाळ्यात तिथे बिबडे पाठवणं म्हणजे पाणवठ्याशी पाणी विकणं. पण उत्पादन उन्हाळ्यातच होतं, आणि बायकांना मजुरी तेव्हाच द्यावी लागते. माल सहा महिने सांभाळून दिवाळीनंतर विकायचा तर कोरडी खोली आणि खेळतं भांडवल, दोन्ही हवं. कोरडी खोली आहे.

२१ जून

पावसाळा लागला. सोलर ड्रायरला मंजुरी अजून नाही, त्यामुळे पिठाचं उत्पादन थांबत थांबत.

अडाजणची मागणी मात्र वाढतेय. दुकानदार बेन फोनवर स्वतःहून सांगतात काय चाललंय : पावसात संध्याकाळी गरम खिचू लोकांना हवंच असतं, आणि "ज्वारीचं म्हणजे पचायला हलकं" असं म्हणून वयस्कर गिऱ्हाईक नेतं. आपण पाऊचवर आरोग्याचं काही छापलेलं नाही आणि छापायचंही नाही. दावा केला की पुरावा द्यावा लागतो. गिऱ्हाइकांनी आपसांत म्हणावं, ते उत्तम.

एक बदल सुचवलाय : ५०० ग्रॅमचा पाऊच मोठा वाटतो, २०० चा करा. पाऊचचा खर्च किलोमागे वाढेल. तरी करावा असं माझं मत, कारण नवं गिऱ्हाईक पहिल्यांदा लहानच घेतं.

उधन्याच्या शेठकडून एप्रिलचे पैसे अर्धेच आले. "माल पडलाय, विकला की देतो."

४ ऑगस्ट

काल आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीचा सण. लिंबायतमध्ये आपल्या लोकांनी वाजतगाजत बसवली होती, आज विसर्जन. व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर. बैठकीत आक्कांनी विचारलं, एवढे आपले लोक तिथे असून आपला माल का जात नाही? मी जानेवारीतला डबा पुन्हा सांगितला. त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या की त्यांची स्वतःची भाची उधन्याला आहे आणि डबा त्याच पाठवतात.

मसाल्याचं वेगळं आहे. मसाला डब्यात जातो, पण वर्षभर पुरत नाही, आणि सुरतेत मिळणारा वेगळ्या चवीचा. म्हणून आपल्या माणसांना विकायचं ते मसाला. बिबडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मोजकेच. पीठ गुजराती गिऱ्हाइकाला. एका शहरात तीन माल, तीन गिऱ्हाइकं, तीन हंगाम. घाऊक शेठ एकच ठेवून हे जमणार नाही.

५ सप्टेंबर

परवाच्या जीएसटी परिषदेत दर बदलले. २२ सप्टेंबरपासून लागू. तयार मिश्रणं १८ वरून ५ वर येतात. म्हणजे फेब्रुवारीत ज्या कारणाने मसालेदार पीठ बाजूला ठेवलं, ते कारणच उरलं नाही. त्या ताईंना लगेच फोन केला. त्या म्हणाल्या, "मी तर तेव्हाच सांगत होते."

मिश्रणात तीळ आला की टिकण्याचा प्रश्न. तीळ खवट होतो. प्रयोगशाळेत नमुना टाकायचा. साधं पीठ बंद करायचं नाही, दोन्ही शेजारी ठेवून बघायचं.

१३ ऑक्टोबर

दिवाळीआधीची शेवटची नोंद, कारण उद्यापासून सगळे फराळात.

ड्रायर बसला. २०० ग्रॅमचे पाऊच छापून आले. गुजराती मजकुरात एक काना चुकलाय, बेनने फोटो पाहून पकडला, पुढच्या छपाईत दुरुस्त. मिश्रणाचा टिकाऊपणाचा अहवाल यायचाय.

उधन्याच्या शेठना यापुढे फक्त रोखीने, आणि फक्त मसाला. जुनी बाकी दिवाळीनंतर भाऊंनी समक्ष जाऊन आणायची. बिबड्यांची साठवलेली खोकी लाभपंचमीनंतर थेट लिंबायतच्या चार दुकानांत, दर पंधरवड्याला थोडी. पुण्याचं बैठकीत परत निघालं. तिथेही खान्देशी मंडळ आहे, आपलीच माणसं आहेत, असं कुणीतरी म्हणालं. मी त्यांना विचारलं, त्यांचा डबा कुठून येतो ते आधी शोधून आणा. ते काम दोघींनी घेतलंय, जानेवारीपर्यंत.